दुभत्या जनावरांचा कासदाह व औषधास न जुमानणारे जंतू

दुभत्या जनावरांस होणाऱ्या रोगांपैकी शेतकऱ्याच्या मिळकतीस अधिक झळ कोणता रोग लावतो, असे विचारल्यास पुष्कळजण लाळ्या-खुरकूत किंवा घटसर्प यांचे नाव घेतील. हे रोग भयंकर आहेत यात शंका नाही. परंतु ते येतात तेव्हा साऱ्या गावास कळून येतात, आणि त्यांवर प्रतिबंधक लस टोचून घेता येते. कासदाह, ज्यास आपल्याकडे काससुजी अथवा दगडी असे म्हणतात, त्याची गोष्ट निराळी आहे. हा रोग बारा महिने गोठ्यात वस्तीला असतो, बहुधा कोणाच्या लक्षात न येता दूध कमी करीत राहतो, आणि त्यावर खात्रीने गुण देणारी लस अद्याप हाती आलेली नाही. म्हणून ह्या रोगात शेतकऱ्याची सारी मदार औषधावर असते. आता तेच औषध पुष्कळ ठिकाणी लागू पडेनासे झाले आहे. सडात औषधाच्या नळ्या सोडल्या, सुया टोचल्या, औषध दोनदा बदलले, तरी सूज उतरत नाही आणि अखेर एक सड कायमचा निकामी होतो, ही तक्रार सभासदांकडून वारंवार ऐकू येते. असे का होते, त्यात आपल्या वागणुकीचा भाग किती, आणि ते टाळण्यास काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. रोग कसा जडतो

गाईम्हशींच्या कासेचे चार कप्पे असतात व प्रत्येक कप्प्याचे दूध त्याच्या स्वतःच्याच सडातून बाहेर येते. एका कप्प्यातील दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणूनच तीन सड निरोगी व एक सड रोगट असा प्रकार घडू शकतो. सडाच्या टोकाशी जे बारीक छिद्र असते, ते एरवी स्नायूच्या वळ्याने घट्ट मिटलेले असते आणि आतून मेणासारख्या द्रव्याचे त्यास अस्तर असते. कासेच्या किल्ल्याचा हाच दरवाजा होय. धार काढल्यावर मात्र हा दरवाजा सुमारे अर्धा ते एक तास नीट मिटत नाही, आणि ह्याच अवधीत जनावर शेणामुताच्या ओल्या जागेवर बसले तर जंतूंस आत शिरण्यास आयती वाट मिळते.

हे जंतू दोन जातींचे समजावेत. पहिली जात सांसर्गिक जंतूंची. स्टॅफिलोकॉकस ऑरियस व स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टी हे त्यांतील मुख्य. त्यांचे घर रोगी कास हेच असून, धार काढणाऱ्याचे हात, कास पुसण्याचे फडके व दूधयंत्राच्या नळ्या यांच्यावाटे ते एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातात. दुसरी जात परिसरातील जंतूंची. ई. कोलाय, स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस इत्यादि जंतू शेणात, मातीत व ओल्या अंथरणात वाढतात. पहिल्या जातीचा शत्रू धार काढतेवेळी येतो, दुसऱ्या जातीचा दोन धारांच्या मधल्या वेळात. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढे सांगितलेल्या उपायांचे मर्म आपोआप कळेल.

२. प्रगट रोग व गुप्त रोग

कास सुजणे, गरम लागणे, दुधात गाठी, पू किंवा रक्त येणे, दूध पाण्यासारखे होणे ही प्रगट रोगाची चिन्हे सर्वांस ठाऊक आहेत. परंतु प्रगट रोगाच्या एका जनावरामागे गुप्त रोगाची अनेक जनावरे असतात. त्यांची कास चांगली दिसते, दूधही पांढरे दिसते. मात्र रोज थोडे थोडे दूध कमी होते आणि रोगाचे बी गोठ्यात शिल्लक राहते.

गुप्त रोग ओळखण्याची युक्ती सोपी आहे. जंतू आत शिरले म्हणजे त्यांच्याशी झुंजण्यास रक्तातील पांढऱ्या पेशी दुधात उतरतात. निरोगी कप्प्याच्या एका मिलिलिटर दुधात ह्या पेशी सामान्यतः एक लाखाच्या आत असतात. दोन लाखांवर गेल्या तर कप्प्यात जंतूंचा शिरकाव झाला असे धरतात. १९५७ साली अमेरिकेतील शाल्म व नूरलँडर ह्या शास्त्रज्ञांनी साबणासारख्या द्रव्याने ही परीक्षा गोठ्यातच करण्याची रीत प्रसिद्ध केली. तीच आज कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट ह्या नावाने सर्वत्र रूढ आहे. तिचे तयार औषध मिळाले नाही तर कपडे धुण्याच्या पावडरीनेही काम भागते. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर विरघळवावी. चारी सडांचे दूध चार वेगळ्या वाट्यांत थोडे थोडे घेऊन, प्रत्येकात तितकेच पावडरीचे पाणी मिसळावे व वाटी गोल फिरवावी. मिश्रण पातळच राहिले तर कप्पा निरोगी. ते शेंबडासारखे दाट व ताणणारे झाले तर कप्पा रोगट समजावा. पांढऱ्या पेशी साबणाने फुटून त्यांच्यातील द्रव्य घट्ट होते, हे ह्याचे कारण. महिन्यातून एकदा ही परीक्षा करण्यास प्रत्येक जनावरामागे पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. नुकत्याच व्यालेल्या व आटत आलेल्या जनावरांच्या दुधात पेशी स्वभावतःच अधिक असतात, म्हणून त्या दिवसांत ह्या परीक्षेवर विसंबू नये.

३. औषधाचा उदय व जंतूंचा प्रतिकार

१९२८ साली लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांस बुरशीपासून निघणाऱ्या पेनिसिलिन ह्या द्रव्याचा शोध लागला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते औषध म्हणून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. लवकरच ते गाईंच्या सडातही सोडले जाऊ लागले. पूर्वी ज्या कासेची आशा सोडावी लागे, ती दोन-चार दिवसांत मऊ पडू लागली. ह्या औषधांस व त्यांच्यामागून आलेल्या तत्सम औषधांस आपण प्रतिजैविके म्हणतो.

परंतु नवलाची गोष्ट ही की, पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागण्यापूर्वीच त्याचा नाश करणाऱ्या जंतूंचा पत्ता लागला होता. १९४० साली ऑक्सफर्ड येथील अब्राहम व चेन यांनी काही जंतू पेनिसिलिनचे विघटन करणारे द्रव्य स्वतःच तयार करतात असे दाखवून दिले. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात स्वतः फ्लेमिंग यांनीच सूचना दिली की, औषधाची मात्रा अपुरी पडली तर जंतू मरणार नाहीत, उलट औषध पचविण्यास शिकतील. पुढे ती सूचना शब्दशः खरी ठरली. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जंतूंकरिता १९५९ साली मेथिसिलिन नावाचे नवे औषध काढले. १९६१ साली इंग्लंडात त्यासही न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस आढळला. रुग्णालयांतील माणसांच्या अंगी असलेला हा प्रकार १९७२ साली बेल्जियममध्ये कासदाह झालेल्या गाईंच्या दुधातही सापडला. २०११ साली इंग्लंडातील शास्त्रज्ञांनी गोठ्यातील एकत्र दुधाच्या टाकीतून मिळालेल्या एका जंतूत ह्याच प्रतिकाराचे एक नवे, पूर्वी अज्ञात असलेले बीज असल्याचे प्रसिद्ध केले. गोठा व रुग्णालय यांच्यामध्ये जंतूंना अडविणारी भिंत नाही, हे ह्यावरून स्पष्ट होते.

४. प्रतिकार कसा उत्पन्न होतो

कापूस पिकविणाऱ्या बंधूंस ही गोष्ट समजावून सांगण्याचे कारण नाही. त्यांनी ती आपल्या शेतात पाहिली आहे. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसास परवानगी मिळाली. आरंभी बोंडअळी तीवर टिकेना. परंतु वर्षानुवर्षे सर्व शिवारभर तेच बियाणे पेरले गेले, कडेने साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा नियम बहुतेकांनी पाळला नाही, आणि कोट्यवधी अळ्यांतून ज्या थोड्या विष पचवून जगल्या त्यांचीच संतती वाढत गेली. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केले हे सर्वांस स्मरतच असेल. अळीच्या अंगी बुद्धी नाही; निवड करणारे आपण होतो.

जंतूंचे हेच आहे, फक्त त्यांचा वेग फार मोठा आहे. अनुकूल स्थितीत ई. कोलायसारखा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. हा क्रम अखंड चालला तर सात तासांत एकवीस दुपटी होऊन एका जंतूचे २० लाख ९७ हजार १५२ जंतू होतात. इतक्या संख्येत एखादा जंतू स्वभावतःच निराळा निपजणे मुळीच कठीण नाही. औषधाची पूर्ण मात्रा असेल तर बाकीचे जंतू मरतात, व उरलेल्या थोड्यांचा समाचार जनावराच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घेतात. मात्रा अपुरी असेल तर दुबळे जंतू तेवढे मरतात आणि चिवट जंतूंस मोकळे रान मिळते.

चिवटपणाचे मुख्य प्रकार चार आहेत. काही जंतू औषध तोडून टाकणारे द्रव्य तयार करतात. काही आपल्या अंगातील ज्या भागावर औषध घाव घालते तो भागच बदलून टाकतात. काही आत आलेले औषध उपसून बाहेर टाकतात. आणि काही औषधास आत शिरूच देत नाहीत. ह्याहून वाईट असे की, हे कसब एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जाऊ शकते. जंतूंच्या अंगात प्लाझ्मिड नावाच्या गुणबीजांच्या लहान कड्या असतात. त्यांची नक्कल करून एक जंतू ती दुसऱ्यास देतो. त्यामुळे शेणातील निरुपद्रवी जंतूने कमावलेले कसब उद्या रोगकारक जंतूच्या हाती पडू शकते.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हा जंतू कासेच्या मांसात खोल शिरून गाठी करतो, पेशींच्या पोटात लपतो आणि आपल्याभोवती चिकट आवरण विणतो. म्हणून प्रयोगशाळेत जे औषध लागू पडते असे दिसते, तेही जुनाट दगडीत पुष्कळदा फुकट जाते. गुण न येण्याची कारणे दोन, हे येथे समजून घ्यावे: एक जंतूचा प्रतिकार, दुसरे औषध जंतूपर्यंत न पोहोचणे. दोन्ही ठिकाणी आंधळेपणाने औषध बदलीत राहणे हा उपाय नव्हे.

आता आपल्याकडून काय घडते ते पाहावे. पहिली चूक, सूज दिसताच दुकानात जाऊन मागील वेळचेच औषध आणणे. दुसरी, दोन नळ्यांनी दूध पांढरे दिसू लागले की तिसरी नळी पुढच्या वेळेकरिता ठेवून देणे. तिसरी, एकच नळी दोन सडांत अर्धी अर्धी सोडणे. ह्यात मात्रा निम्मी होते आणि रोगी सडातील जंतू चांगल्या सडात नेऊन सोडले जातात. चौथी, एकदम भारी औषधापासून आरंभ करणे. पाचवी, औषधमिश्रित दूध वाया जाऊ नये म्हणून वासरास किंवा पारड्यास पाजणे. ह्या दुधातील औषधाचा अंश थोडा असतो, आणि थोडा अंश हीच जंतूंची शाळा होय. अशा दुधावर वाढलेल्या वासरांच्या शेणात प्रतिकारक जंतू अधिक सापडतात, असे तपासण्यांत दिसून आले आहे. ज्या वासरावर पुढे आपला गोठा उभा राहावयाचा, त्याच्याच पोटात आपण हे बी पेरतो.

५. घरातील माणसांशी ह्याचा संबंध

जनावराचा रोग गोठ्यातच राहील अशी समजूत असेल तर ती सोडावी. दूध नीट उकळल्याने जंतू मरतात हे खरे. परंतु निरशा दुधाची चव घेणारी मुले, धार काढणारे हात, व गोठ्यातून घरात येणारी फडकी यांच्या वाटा उकळण्याने बंद होत नाहीत. डेन्मार्कमधील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूने आजारी पडलेल्या दोन माणसांच्या जनावरांत, एकाच्या गाईत व दुसऱ्याच्या मेंढीत, तोच जंतू सापडला. शिवाय स्टॅफिलोकॉकसने एकदा दुधात विष तयार केले की जंतू उकळून मेला तरी ते विष टिकून राहते.

औषधाच्या अंशाची गोष्टही अशीच आहे. पुष्कळ प्रतिजैविके उकळण्याने पुरती नष्ट होत नाहीत. विरजण लावूनही दही नीट लागत नाही, ह्याचे एक कारण दुधातील औषधाने विरजणाचे उपयुक्त जंतू मारले हे असते. एका शेतकऱ्याची एक चरवी संकलन केंद्राच्या टाकीत पडली म्हणजे शेजाऱ्यांच्या चांगल्या दुधासही तो दोष लागतो. ज्यांस पेनिसिलिन सोसत नाही अशा माणसांस थोडा अंशही अपाय करू शकतो. आणि उद्या आपल्याच घरातील बाळंतिणीस, जखमी गड्यास किंवा फुप्फुसदाह झालेल्या मुलास औषध देण्याची वेळ आली तर, ते औषध ह्याच कुळातील असते, हे विसरू नये.

ह्याच कारणास्तव सरकारने काही निर्बंध घातले आहेत. २०१२ पासून जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर दूध वर्ज्य करण्याची मुदत छापणे आवश्यक झाले. मुदत प्रयोगाने ठरलेली नसेल तर दुधाकरिता ती सात दिवसांहून कमी धरता येत नाही. माणसांच्या अखेरच्या आधारांपैकी एक असलेले कोलिस्टिन हे औषध अन्नोपयोगी पशूंस देण्यास जुलै २०१९ मध्ये मनाई करण्यात आली.

६. इतर देशांचा अनुभव

औषध कमी केले तर रोग वाढेल, ही भीती स्वाभाविक आहे. परंतु अनुभव तसा नाही. इंग्लंडात रेडिंगजवळील दुग्धसंशोधन संस्थेने १९६० नंतरच्या दशकात पाच कलमांची एक योजना आखली: धारेनंतर सड औषधी पाण्यात बुडविणे, आटवितेवेळी औषध देणे, प्रगट रोगावर त्वरित उपचार करून त्याची नोंद ठेवणे, जुनाट रोगी जनावर कळपातून काढणे, आणि दूधयंत्र नीट राखणे. त्या देशात वर्षाकाठी शंभर गाईंमागे प्रगट कासदाहाचे प्रसंग १९६७ च्या सुमारास शंभराहून अधिक होत. १९८२ च्या सुमारास ते सुमारे ४० वर आले. ह्या पाच कलमांपैकी औषधाची कलमे दोनच आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे ह्या दोनांपैकी एका कलमासही मुरड घालावी लागली. सर्व गाईंस सरसकट आटवणीचे औषध देणे हे निरोगी कासेतील जंतूंस निष्कारण औषधाची ओळख करून देणे होय. नेदरलँडमध्ये २०१४ पासून दुधातील पेशी मोजून, मर्यादेपेक्षा अधिक पेशी असलेल्या गाईंसच असे औषध देण्याचा नियम आहे. त्या देशात २००९ ते २०१३ ह्या चार वर्षांत पशूंकरिता होणारी प्रतिजैविकांची विक्री निम्म्याहून अधिक घटली. नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क येथे कासदाहावर पहिली पसंती आजही साध्या पेनिसिलिनास दिली जाते, भारी औषधे मागे राखली जातात. युरोपीय संघात २८ जानेवारी २०२२ पासून निरोगी कळपास सरसकट प्रतिबंधक म्हणून प्रतिजैविके देण्यास मनाई आहे. ह्या देशांचा दुधाचा धंदा बुडालेला नाही.

७. आपल्या गोठ्यात काय करावे

(अ) धार काढण्याची रीत. हात साबणाने धुवावेत, नखे काढलेली असावीत. कास मळलेली असेल तर धुवावी व प्रत्येक जनावराकरिता वेगळ्या स्वच्छ फडक्याने कोरडी करावी. ओल्या कासेवरून ओघळणारे पाणी सडाच्या तोंडाशी जंतू आणून ठेवते. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या बशीत किंवा काळे कापड बांधलेल्या वाटीत काढून गाठी आहेत काय ते पाहावे. त्या जमिनीवर कधीही सोडू नयेत. पूर्ण मुठीने धार काढावी. अंगठा दुमडून सड ओढण्याने आतील नाजूक अस्तर सोलवटते व तेथेच रोग घर करतो. प्रथम पहिल्या वेताची व निरोगी जनावरे, नंतर जुनी, आणि रोगी जनावर सर्वांच्या शेवटी, हा क्रम मोडू नये.

(आ) धारेनंतर. चारही सड अर्धा टक्का आयोडीन व त्वचा मऊ राखण्यास ग्लिसरीन असलेल्या द्रावणात बुडवावेत. पेल्यात उरलेले द्रावण बाटलीत परत ओतू नये. लगेच पुढे वैरण टाकावी, म्हणजे जनावर तासभर उभे राहते व सडाचे दार मिटण्यास अवसर मिळतो. पावसाळ्यात गोठ्याची जमीन कोरडी राखणे हे कोणत्याही सुईपेक्षा अधिक मोलाचे आहे.

(इ) रोग दिसताच. जनावरास ताप असेल, त्याने खाणे सोडले असेल, दूध पाण्यासारखे झाले असेल किंवा जनावर बसून राहिले असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यास बोलवावे. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. जनावर हिंडतेफिरते असून केवळ दुधात गाठी असतील, तर औषध सोडण्यापूर्वी दुधाचा नमुना घेण्याइतका वेळ निश्चित असतो. ई. कोलायच्या सौम्य रोगातून पुष्कळ जनावरे प्रतिजैविकाविना बरी होतात. म्हणून कोणता जंतू आहे हे कळणे म्हणजे कित्येकदा औषधच वाचणे होय. रोगी सड दिवसातून अनेकदा वेगळ्या भांड्यात पिळून रिकामा करावा व ते दूध खड्ड्यात पुरावे. आणंद येथील राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ आरंभीच्या सुजेवर कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम यांच्या लेपाचा प्रसार करीत आहे. सौम्य रोगात त्याचा उपयोग करण्यास हरकत नाही. मात्र लेपाच्या भरवशावर तापलेल्या जनावराचा वैद्य लांबणीवर टाकू नये.

(ई) नमुना कसा घ्यावा. सडाचे टोक स्वच्छ करून, कोरडे झाल्यावर स्पिरिटाच्या कापसाने पुसावे. पहिल्या काही धारा सोडून द्याव्यात. निर्जंतुक बाटली आडवी धरून, बूच खाली न ठेवता, त्यात थोडेसे दूध घ्यावे. बाटलीवर जनावराचे नाव, सड व तारीख लिहून ती बर्फात ठेवावी व चोवीस तासांच्या आत पशुरोग प्रयोगशाळेत पोहोचवावी. तेथे जंतू वाढवून त्यांवर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत ते औषध लागू पडण्याजोगे. औषध आधी दिले असेल तर ह्या परीक्षेचा उपयोग राहत नाही.

(उ) औषध देताना. पशुवैद्याने लिहून दिलेले औषध, लिहून दिलेल्या मात्रेत, लिहून दिलेले दिवस पुरते द्यावे. सडाचे टोक स्पिरिटाने पुसल्याशिवाय नळी आत घालू नये. एका सडास एक नळी. मुदत संपेपर्यंत चारही सडांचे दूध वर्ज्य करावे. औषध रक्तावाटे इतर कप्प्यांतही उतरते, म्हणून फक्त रोगी सडाचे दूध वगळणे पुरेसे नाही. असे दूध माणसांस, वासरांस, कुत्र्यामांजरांस, कोणासही देऊ नये.

(ऊ) जुनाट दगडी. कप्पा दगडासारखा कठीण झाला असेल व दोन-तीन वेळा उपचार होऊनही पेशींची परीक्षा वाईटच येत असेल, तर पुन्हा औषध देणे व्यर्थ होय. पशुवैद्याच्या सल्ल्याने तो एक सड कायमचा बंद करावा व बाकीच्या तिघांचे दूध घ्यावे. परदेशात अशी गाय कळपातून काढून टाकतात. आपल्याकडे कायद्याने व भावनेनेही गाईच्या बाबतीत तो मार्ग खुला नाही. म्हणून तिला वेगळी बांधणे व तिची धार सर्वांत शेवटी काढणे याचे महत्त्व आपल्याला अधिक आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. औषधास न जुमानणारा कासदाह असलेले जनावर तात्पुरती सूज उतरवून बाजारात विकणे हा निव्वळ व्यवहार नव्हे. घेणाऱ्याची फसवणूक होते इतकेच नाही, तर आपण न मारता आलेला जंतू दुसऱ्या गावात नेऊन सोडतो. असे जनावर विकावेच लागले तर रोग सांगून विकावे. आणि घेणाऱ्याने विकत घेण्यापूर्वी चारी सडांची पावडरीची परीक्षा करून घ्यावी.

८. खर्चाचा हिशोब

पुष्कळांस स्वच्छतेचे उपाय कटकटीचे व सुई सोपी वाटते. एक उदाहरण घेऊन हिशोब करू. समजा, गाय दिवसास १२ लिटर दूध देते, दर लिटरास ३५ रुपये आहे, औषध तीन दिवस द्यावयाचे आहे व वेष्टनावर त्यापुढे चार दिवसांची मुदत लिहिली आहे. एकूण सात दिवसांचे ८४ लिटर दूध, म्हणजे २,९४० रुपये, नियमाने टाकून द्यावे लागतात. औषध लागू पडले नाही व दुसऱ्या औषधाचा तितकाच क्रम करावा लागला तर ५,८८० रुपये झाले. औषधाची किंमत व वैद्याचे येणेजाणे निराळे. अखेर सड गेलाच, व त्यामुळे दिवसाचे दोनच लिटर कमी झाले असे धरले, तरी पुढील २०० दिवसांत ४०० लिटरांचे १४,००० रुपये बुडाले. नमुना तपासण्याचा खर्च व वर्षभराचे आयोडीनचे पाणी यांची ह्याच्याशी तुलना प्रत्येकाने आपापल्या दराने करून पाहावी.

ह्या हिशोबात एक मोठी रक्कम येत नाही, कारण ती कोणाच्याच नावे मांडलेली नसते. औषधाचा गुण ही साऱ्या गावाची सामाईक विहीर आहे. एकाने अविचाराने उपसा केला तर पाणी सर्वांचेच खाली जाते, आणि ज्याने कधीच अविचार केला नाही त्याच्या घरीही वेळेला ते मिळत नाही. नवी औषधे क्वचितच निघतात; म्हणून जी आहेत ती टिकविणे हेच आपल्या हातचे काम आहे.

९. नोंदवही

शेवटी सभासदांस एकच गोष्ट तातडीने सुचवावयाची आहे. गोठ्यात एक वही टांगावी व तीत प्रत्येक दुभत्या जनावरास एक पान द्यावे. त्या पानावर जनावराचे नाव व वेत. मासिक परीक्षेत रोगट निघालेला सड. प्रगट रोगाची तारीख. नमुना पाठविला किंवा नाही व काय निघाले. औषधाचे नाव, मात्रा, पहिला व शेवटचा दिवस. आणि दूध पुन्हा केंद्रावर नेण्यास आरंभ केल्याची तारीख, इतके रकाने असावेत. पशुवैद्य आला की प्रथम ही वही त्याच्यापुढे ठेवावी. कोणते औषध पूर्वी वाया गेले हे त्यास आपल्या सांगण्यावरून जेवढे कळत नाही, तेवढे ह्या एका पानावरून कळेल. गावातील दहा गोठ्यांनी वर्षभर अशा वह्या ठेवल्या, तर आपल्या गावच्या जंतूंवर कोणती औषधे चालत नाहीत याचा अंदाज पशुवैद्यास आयताच मिळेल, आणि त्याचा लाभ अकराव्या गोठ्यासही होईल.